खंडेनवमीचं कुंकू

आक्काताई दारात हात जोडून उभ्या होत्या आणि मला हात जोडता येत नव्हते. दोन्ही हात तेलानं माखलेले होते. समोर टेबलावर जुना पेपर पसरून मी माझं पिस्तूल खोलून ठेवलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी ज्यानं त्यांचा नवरा गेला, तेच पिस्तूल. 'गेला' हा शब्द मी फार वापरतो. जयपाल गेला. जसा काही तो स्वतःहून उठून कुठे गेला. पोलिसांपुढेसुद्धा मी 'गोळी सुटली' असंच म्हणालो. मराठीत ही एक सोय आहे. गोळी सुटते, काच फुटते, माणूस जातो, आणि करणारा कुठे दिसतच नाही. माझ्या हातून गोळी सुटली आणि ती जयपालच्या कानाखाली लागली, हे वाक्य काही अवघड नाही, पण ते पूर्ण वाक्य माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नव्हतं.

"वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असलं, मनाला लागंल असं काही बोलले असले, तर क्षमा करा, भावजी," आक्काताई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. भाद्रपदातले त्यांचे उपासाचे दिवस संपले की जैन माणसं एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागतात. क्षमावणी म्हणतात. जयपाल दर वर्षी यायचा. आम्ही मराठे, आमच्यात ही रीत नाही, पण त्याला त्याचं काही नव्हतं. उंबऱ्यात उभा राहून हात जोडायचा आणि म्हणायचा, "लालासाब, क्षमा कर गड्या. खरं म्हंजे तूच माझी मागायला पायजेस, दर रविवारी उन्हात बसवतोस." मी म्हणायचो, "केली, चल, चहा घे." एवढ्यावर मिटायचं. आता त्याची बायको त्याच उंबऱ्यात उभी राहून माझी क्षमा मागत होती, आणि तिच्या आवाजात टोमणा असावा म्हणून मी तो कान देऊन शोधला. टोमणा नव्हता. असता तर फार बरं झालं असतं.

"आत या, वैनी," मी म्हणालो. "हात घाण आहेत माझे."

"बनूबाई न्हाईत?"

"बाजारात गेलीय. येईल इतक्यात."

"मग बसते. त्यांची पण मागायचीय." त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या. कपाळ मोकळं होतं. तिकडे बघायचं टाळायचं म्हणून मी टेबलाकडे बघितलं, तर टेबलावर ते होतं. घरात एवढ्या दोनच जागा बघण्यासारख्या होत्या आणि दोन्हीकडे बघता येत नव्हतं.

आणीबाणी लागल्यापासून कचेऱ्यांत कागद हलायला लागले होते. एरवी माझी फाइल आणखी पाच वर्षं कुठल्या तरी गठ्ठ्यात पडून राहिली असती. अपघाती मृत्यू, चौकशी पूर्ण, हत्यार मालकाच्या ताब्यात द्यावं, असं पत्र आलं आणि मी शुक्रवारी साताऱ्याला जाऊन ते घेऊन आलो. घ्यायलाच पाहिजे होतं असं नाही. सोडून देता आलं असतं, विकता आलं असतं. पण एसटीत ती लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मला हायसं वाटलं. घरी येऊन पेटी उघडली तर नळीच्या तोंडाशी तांबूस गंज धरलेला. तो बघून मी मोठ्यानं 'अरेरे' म्हणालो. जयपालच्या तिरडीपाशी उभा होतो तेव्हा माझ्या तोंडून तसं काही निघालं नव्हतं. तेव्हा मी फक्त घाबरलेला होतो.

"हेच का ते?" आक्काताईंनी विचारलं.

"होय, वैनी."

"ह्यात एकच गोळी बसते म्हणायचे."

"एकच."

"दुसरी पायजे तर परत हातानं घालायची?"

"हो. दर वेळी."

"साठ गोळ्या, साठ वेळा," त्या म्हणाल्या. "साठ वेळा गप बसायचं, असं सांगायचे मला. घरी कवा साठ मिंटंबी गप बसले न्हाईत." आणि त्या चक्क थोड्या हसल्या. मी चिंधी उचलली आणि नळी पुसायला लागलो, कारण हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

नळी नेहमी मागच्या बाजूनं पुसायची. गोळी जिथून बाहेर पडते त्या तोंडाला सळई घासली तर तिथली कड झिजते, आणि पन्नास मीटरवर त्या झिजेचं बोटभर अंतर होतं. पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, मग पुन्हा कोरडी. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण थेंबभर. जास्त झालं तर धूळ धरतं. हे सगळं मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे कडेगावला माणसं पलटणीत जातात नाही तर उसात. माझे पाय सपाट निघाले म्हणून पलटणीनं परत पाठवलं, आणि उसात मला करमलं नाही, म्हणून मी कुपवाडला लेथवर आलो आणि पुढं भागीदारीत छोटा कारखाना काढला. थोरला भाऊ नाथाजी सुटीवर आला की फौजेतल्या गोष्टी सांगायचा आणि मी खाली मान घालून जेवायचो. पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून हे जर्मन पिस्तूल मी घेतलं त्यात त्या जेवणांचा वाटा असणार. बावीस बोअर, हातभर लांब, एका वेळी एक गोळी. ह्यानं कुणाला मारायचं नसतं. कागदावरच्या काळ्या गोलावर मारायचं असतं, आणि तो गोल मारण्याआधी स्वतःचा श्वास, खांदा, मनगट सगळं एकेक करून बंद करायचं असतं. मूठ मी मिरजेच्या एका सतारमेकरकडून शिसवीची करून घेतली. त्यानं तीन वेळा माझ्या पंजाचं माप घेतलं. ती मूठ जगात दुसऱ्या कुणाच्या हातात नीट बसत नाही.

जयपालनं ती कधी हातात धरलीच नाही. तो हळदीचा अडत्या, पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. पहिल्यांदा मी त्याला साताऱ्याला रेंजवर नेलं तेव्हा वाटलं होतं की आवाज ऐकून पळून जाईल. तो स्टुलावर बसला, दुर्बीण डोळ्याला लावली आणि दिवसभर हलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "आमचं सामायिक हेच की रं. फक्त तुमच्यात शेवटाला आवाज हुतो." सामायिक म्हणजे त्यांचं घडीभर न हलता बसून करायचं ध्यान. तेव्हापासून दर रविवारी पहाटेची एसटी. किल्ल्याच्या मागं डोंगराच्या पोटाला क्लबची रेंज होती. गोळी कुठं लागली, किती गुणांच्या गोलात आणि घड्याळाच्या कुठल्या बाजूला, ते तो दुर्बिणीतून बघून सांगायचा, नऊ, तीन वाजता, आठ, वर. जिल्ह्यात मला पदक मिळालं आणि मी आठवडाभर तेच बोलत राहिलो तेव्हा तो म्हणाला, "लालासाब, अर्ध्या हळकुंडानं पिवळा हुतोयस. हळदीतल्या माणसाला कळतंय ते." मला असा दुसरा मित्र नव्हता आणि आता होणारही नाही. हे मी त्याच्या बायकोसमोर बसून मनात म्हणत होतो आणि हातानं नळी पुसत होतो.

"गंज लागलाय व्हय?" आक्काताईंनी विचारलं.

"थोडा. निघेल."

"निघू दे," त्या म्हणाल्या. कशासाठी म्हणाल्या कुणास ठाऊक.

मग मी चापाची पेटी उघडली. उघडायची नव्हती, पण हात तिकडे गेलाच. चापाच्या आत एक खटका असतो, नखाएवढा पोलादाचा तुकडा. गोळी भरून झाली की बाजूची दांडी ओढून तो चढवायचा. मग तो केसाएवढ्या कडेवर टेकून उभा राहतो आणि बोट नुसतं लागलं की निसटतो. ती कड किती ठेवायची, हेच सगळं. कड जास्त, तर चाप जड, बोटाला जोर लावावा लागतो आणि हात हलतो. कड कमी, तर चाप हलका. आणि अगदीच कमी ठेवली तर बोटाची गरजच राहत नाही. माझ्या बायकोनं, बनूनं, खंडेनवमीला जे केलं आणि त्यानंतर मी जे केलं, ते ह्या नखाएवढ्या तुकड्याशी येऊन मिळतं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. कारखान्यात लेथ पुसून त्याला हार घालतात, त्या दिवशी कुठलं मशीन चालू करत नाहीत. घरी पाटावर विळी, कात्री, माझे स्क्रू-ड्रायव्हर, व्हर्नियर, सगळं मांडतात. पिस्तुलाची पेटी मी नेहमी बंदच ठेवायचो आणि बनू पेटीवरच हळदीकुंकू वाहायची. गेल्या वर्षी राज्याची स्पर्धा तोंडावर होती. आपला नवरा जिंकावा म्हणून तिनं पेटी उघडली, पिस्तूल बाहेर काढून पाटावर निजवलं, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं आणि पाच बोटांनी कुंकू लावलं, मुठीला, चापाला, नळीवरच्या नेम धरायच्या माशीला. मी आंघोळ करून आलो आणि बघितलं. मी तिला जे बोललो ते शब्द मला नीट आठवतात, कारण तिनं ते पुढं जबाबात जसेच्या तसे लिहून दिले. "अक्कल हाय का तुला? ह्या कुंकवानं खटका अडकला तर माणूस मरंल."

ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी पिस्तूल उचलून कारखान्यात आलो. सगळे घरी होते, मशीनं हार घालून बसलेली. दोन तास मी एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. खटका धुऊन भिंगाखाली धरला. त्यावर कुंकवाचा कणही नव्हता, हे मी आज शपथेवर सांगतो. पण तो तिथं उघडा पडलेला होता, आणि ऑइलस्टोन समोरच होता. गेले दोन महिने माझे नंबर खाली येत होते. हात कापतो हे मान्य करायचं नव्हतं, म्हणून चाप जड आहे असं मी ठरवून टाकलं होतं. मी खटक्याची कड दगडावर तीनदा घासली. मग चौथ्यांदा घासली. खंडेनवमीला हत्याराला धार लावायची नसते, विश्रांती द्यायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जयपालनं दुसऱ्या दिवशी चाप तोलला. तोलायचं काम नेहमी त्याचंच. ओळखीच्या सोनाराकडून बारकी वजनं आणायचा, दोऱ्यानं चापाला टांगायचा. तीस ग्रॅमवर सुटायचा तो चाप आता आठावर सुटला. त्यानं पुन्हा टांगून बघितलं. मग खिशातून एक हळकुंड काढून दोऱ्याला बांधलं आणि चाप सुटला. "गड्या, हळकुंडावर सुटतंय हे," तो म्हणाला. "असलं नगो. पयल्यासारखं कर." मी म्हणालो, स्पर्धा झाली की करतो. त्यानं वजनं कागदात गुंडाळली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याचा स्वभाव तसा होता. एकदा सांगायचा.

रविवारी सातवी का आठवी गोळी होती. खटका चढवला, हात वर घेतला आणि वारा आला. थांबायचं ठरवलं. अशा वेळी आधी कडी उघडून गोळी बाहेर काढायची, आणि मगच मान वळवायची. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी मान वळवून जयपालला विचारलं, "मगाची कुठं गेली?" मानेबरोबर हात थोडा वळला. एवढंच. बोट चापावर नव्हतं. तो दुर्बिणीतून डोळा काढून "आठ" म्हणाला. आवाज झाला तेव्हा मला वाटलं शेजारच्यानं मारली. जीपमधून नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारातच संपलं सगळं.

फौजदार भला माणूस होता. त्यानं पिस्तूल उलटंसुलटं करून बघितलं आणि मुठीच्या कोरीवकामातल्या फटीत त्याला लाल दिसलं. "हे रक्त?" त्यानं विचारलं. "कुंकू," मी म्हणालो. "खंडेनवमीचं." त्याच्या तोंडावर एकदम सगळं समजल्याचा भाव आला. त्याच्याही ठाण्यात चार दिवसांपूर्वी बंदुकांना कुंकू लागलं होतं. "म्हणजे आत गेलं असणार. यंत्र अडकलं," तो म्हणाला आणि लिहायला लागला. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आपण कसे आहोत हे माणसाला अशाच एखाद्या वेळी कळतं, आणि मग ते कळलेलं कुठं ठेवायचं ते कळत नाही. बनूला सांगलीच्या घरून बोलावून घेतलं. तिनं एका दमात सांगितलं, कुंकू मी वाहिलं, पाणी मी शिंपडलं, ह्यांनी मला बजावलं होतं की माणूस मरंल. खाली सही केली. त्या सहीवर मी सुटलो.

तेव्हापासून बनू घरातल्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावत नाही. सुरुवातीला मला वाटलं चार दिवसांत जाईल. "ह्याला हात लावू का?" स्टोव्हची पिन, कुलूप, माझ्या मोटरसायकलवरची धूळ, तिचं स्वतःचं शिवणयंत्र, सगळ्याला ती आधी विचारते. मी म्हणतो, लाव की. मग ती लावते. अकरा महिने रोज दहा-वीस वेळा मी 'लाव की' म्हणत आलो, आणि दर वेळी मला खरं सांगायची संधी होती. हळदीकुंकवाला जात नाही. देवांना नुसती फुलं वाहते. स्वतःच्या कपाळाला लावते ते आरशात न बघता, त्यामुळे कधी थोडं वाकडं लागतं. मी ते बघतो आणि कारखान्यात जातो. कारखान्यात कामं असतात.

जिना चढल्याचा आवाज आला. बनू पिशवी घेऊन दारात आली, आक्काताईंना बघितलं आणि पिशवी तिथंच ठेवली.

"काही चुकलं असलं तर क्षमा करा, बनूबाई," आक्काताई उठून हात जोडून म्हणाल्या.

बनूनं त्यांचे पाय धरले. आक्काताई मागं सरल्या, भिंतीला टेकल्या, पण बनूनं पाय सोडले नाहीत. "मी कशी करू क्षमा?" ती म्हणाली. "माझ्या हातच्या कुंकवानं तुमचं कुंकू पुसलं, आक्का. तुमी माझ्या दारात यायचं न्हाई. मी यायचं तुमच्या दारात. मला धीर न्हाई झाला."

"उठा, बनूबाई. तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

"मला ह्यांनी सांगितलं हुतं की. आधीच सांगितलं हुतं."

तिची पाठ हलत होती. पदर खांद्यावरून घसरला होता आणि पाठीवरची मणक्यांची माळ वर आलेली दिसत होती. ती इतकी वाळली आहे हे मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते सहन झालं नाही. काही ठरवलं नव्हतं. खटका चिमटीत धरून मी उभा राहिलो आणि बोलायला लागलो.

"कुंकू नव्हतं," मी म्हणालो. "बनू, ऐक. वैनी, तुम्हीही ऐका. मी सगळं धुतलं होतं. आत कुंकू नव्हतंच. ही कड मी दगडावर घासली. फार घासली. जयपाल मला नको म्हणाला होता. आणि रेंजवर मी वळलो. गोळी काढायला पाहिजे होती, ती न काढता वळलो. माझ्या हातून गोळी सुटली आणि ती जयपालला लागली." ते पूर्ण वाक्य मी म्हणालो. खोलीत कुठं काही झालं नाही. "हे बघा, इथं दिसतंय," असं म्हणून मी खटका आणि भिंग दोन्ही पुढं केलं.

बनू उठून बसली होती. तिनं माझ्या बोटातल्या त्या तुकड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आक्काताईंनी भिंग घेतलं, त्यातून एकदा बघितलं आणि परत दिलं. "मला ह्यातलं काय कळतंय, भावजी," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी बनूच्या डोक्यावर हात ठेवला. "नशीब काढलंस, बाई. बायकोचा दोष अंगावर घेणारा माणूस कुठं बघायला मिळतोय? आमचे म्हणायचेच, लालासाबाचं मन लय मोठं."

"वैनी, तसं नाही. खरं सांगतोय मी."

"असू दे, असू दे."

"बनू, तुला तरी कळतंय का? खरं आहे हे."

बनूनं पदरानं तोंड पुसलं. कितीतरी महिन्यांत तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं नव्हतं. लहान मुलाला समजवावं तशी ती हळू बोलली. "आवं, खरं असतं तर वरीसभर तुमी मला अशी बघत बसला असता व्हय? एवढं वाईट माणूस न्हाई तुमी."

मला फक्त 'आहे' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. फौजदाराकडे जाता आलं असतं, लिहून देता आलं असतं, कुपवाडच्या कुठल्याही टूलरूममधल्या माणसाला बोलावून तो खटका दाखवता आला असता, त्यानं एका नजरेत सांगितलं असतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या आणि दोघींच्या तोंडावर माझ्याबद्दल आदर होता. मी खाली बसलो. बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. आधी लाज वाटली आणि तिच्या मागोमाग बरं वाटलं, आणि लाज निघून गेली तरी बरं वाटणं तसंच राहिलं. दिवस मावळायच्या आत आक्काताईंना घरी जाऊन जेवायचं होतं, म्हणून बनू घाईनं चहा टाकायला आत गेली. मी त्यांना यंदा हळदीचा भाव काय म्हणून विचारलं आणि त्यांनी तो सांगितला. आता ही गोष्ट मी कुणाला सांगणार? ज्या दोघींना सांगायची होती त्यांना ती सांगून झाली आहे.